दादाला झाडांत नेल्याची हकीकत

वडीलकीचा मान आणि आईमागे आईची जागा, ही दोन्ही ओझी जिने न कुरकुरता उचलली त्या ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? (कठडा आम्हीच करून दिलेला आहे, धरल्याने झिजत नाही. तू तो जपून वापरतेस असं दाजी म्हणाले. जपायचा तो गुडघा, ताई. कठडा नव्हे.) दाजींचा खोकला गेला असेल तर देव पावला, नसेल गेला तर त्यालाही माझा नमस्कार सांग, इतकी वर्षं राहिलाय म्हणजे तो आता घरातलाच. इकडे आम्ही सगळे उभे आहोत. आधी ‘खुशाल आहोत’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. माझं खोटं तुला दुसऱ्या ओळीत कळतं हे मला पहिल्याच ओळीत आठवलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो ताई’ म्हणतो, त्यात हकीकत पुढे सरकत नाही. म्हणून पत्र. वहिनी गेल्यापासून दादाची काय अवस्था आहे ते तुला ठाऊक आहेच, तरी मधल्या काळात काही सुधारलं असेल अशी आशा तू धरून असशील म्हणून सांगतो: नाही. सकाळी आमच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसतो आणि अंधार पडला की उठतो. रंध्याला हात लावलेला नाही. जेवलास का विचारलं तर म्हणतो ‘बरं’, पाऊस येतोय म्हटलं तर म्हणतो ‘बरं’, आणि मागे एकदा स्वयंपाकघराचा पडदा पेटला म्हणून आमची ही, तुझी भावजय, ओरडत आली तेव्हा तिलाही ‘बरं’ म्हणाला. (पडदा मी विझवला. तसाही तो तिला आवडत नव्हता.) तेव्हा तू फोनवर निकाल दिलास की, त्याला एकदा मोकळ्या हवेत, झाडांत नेऊन आण, तेवढ्यानेही फरक पडला नाही तर मी गाडी घेऊन येते आणि त्याला कायमचा माझ्याकडे घेऊन जाते. मी ‘हो ताई’ म्हणालो. आता नेऊन आणलं. काय घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे त्याला न्यायचं की ठेवायचं हे तुला ठरवता येईल. माझं स्वतःचं म्हणशील तर मला त्यात काही नाही. त्याचं भलं व्हावं एवढंच.

पण आधी एक गोष्ट बोलून घेतो. झाडांत गेलं की मन हलकं होतं, हे खरं असेल. पण सुताराचं व्हावं कसं? खाटकाला गोठ्यात नेऊन उभं करायचं आणि म्हणायचं, बघ, किती शांत वाटतं! आपल्या गावच्या शाळेत गुरुजींनी ‘झाड माझा मित्र’ असा निबंध घातला होता, तो मी इतका छान लिहिला की गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला. पुढे आयुष्यभर मी मित्रांचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळी देवापुढे हात जोडतो तेव्हा अधूनमधून मनात येतं, त्याने झाडं केली आणि आम्ही त्यांची कपाटं केली; वर गेल्यावर विचारेल तेव्हा काय सांगणार? कपाटाला खण चांगले होते म्हणून सांगणार?

असो. आम्ही बसने गेलो: मी, दादा आणि तुझी भावजय. शहराबाहेरचं ते सार्वजनिक जंगल आहे, लोक तिथे फिरायला, डबा खायला, पोरांना मोकळं सोडायला येतात. आभाळ भरून आलेलं, पण पडत नव्हतं, दादासारखंच. दाराशी एक मोठी पाटी. तीत काय काय करू नये ते लिहिलं होतं: फुलं तोडू नये, विस्तव पेटवू नये, गाणी वाजवू नयेत, फांद्यांना लोंबकळू नये. हसू नये असं कुठे लिहिलं नव्हतं, पण आम्ही धोका पत्करला नाही. रखवालदाराने पिशव्या तपासल्या. माझ्या कानावर पेन्सिल होती (ती तिथे आहे हे मला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही) आणि खिशात लाकूड कोरायची छोटी पटाशी. ‘ही कशाला?’ त्याने विचारलं. मी म्हणालो, ‘सवय.’ तो म्हणाला, ‘जंगलात पटाशी घेऊन यायची सवय?’ तुझी भावजय म्हणाली, ‘अहो, हे झोपताना सुद्धा काढत नाहीत हो खिशातून, घ्या तुम्ही काढून, मला तरी एक दिवस सुख.’ त्याने पटाशी टपरीत ठेवून घेतली. दादाच्या खिशात काहीच निघालं नाही. दादाच्या खिशात एकेकाळी पट्टी, खडू, स्क्रूची पुडी, गुण्या, अर्धं दुकान असायचं. वहिनी त्याचे खिसे शिवून शिवून थकली होती. आता नुसतं कापड.

आत शिरलो तर पाऊलवाट रुंद, साफ, म्हातारीकोतारी चालतील अशी. आणि थोडं पुढे जातो तो मला दिसलं की, वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना छातीइतक्या उंचीवर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढलेला आहे. तू सुताराची बहीण आहेस, तरी सांगतो: लाकडाच्या वखारीला ज्या रानातून माल येतो तिथे असा पट्टा म्हणजे झाडाचं मरणाचं बोलावणं. पट्टा ज्याला, करवत त्याला. इथे तर एक सोडून एक झाडाला पट्टा! पुढे, वळणावर, त्यापलीकडे, जिकडे नजर जाईल तिकडे पट्टे. मला वाटलं, हे सगळं तोडणार आहेत, आणि तोडायच्या आधी लोकांना एकदा शेवटचं फिरवून घेत आहेत. पोरं त्या झाडांभोवती शिवाशिवी खेळत होती, एक बाई पट्ट्यालाच पाठ टेकून फोटो काढून घेत होती. मला वहिनीचं शेवटचं दुखणं आठवलं. तेव्हाही डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं आणि आत ती आमच्याशी उद्याच्या भाजीबद्दल बोलत होती.

दादा एका झाडापाशी थांबला. पट्ट्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हात काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘चल दादा, आपण यांच्यातून जाऊ नये.’ तो म्हणाला, ‘बरं.’ तुझी भावजय म्हणाली, ‘अहो, वाट सोडून कुठे निघालात?’ मी म्हणालो, जी झाडं जगणार आहेत त्यांच्यात बसू, दुखवट्याच्या घरात डबा उघडत नाहीत. तिने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, पण आली. आणि अशा रीतीने आम्ही पट्टा नसलेलं झाड दिसलं की त्याच्याकडे, मग पुढचं दिसलं की त्याच्याकडे, असे अगदी निवडून निवडून आत गेलो. (तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.)

शेवटी एका सपाट जागी बसलो. डबा उघडला. दादाने दोन घास खाल्ले, उठला आणि झाडांमागे गेला. माणूस झाडामागे गेला की आपण दुसरीकडे बघावं एवढी सभ्यता गावच्या शाळेनेही शिकवली आहे, म्हणून मी दुसरीकडे बघत बसलो. बराच वेळ बघितलं. मग तुझी भावजय म्हणाली, ‘भाऊजी अजून कसे आले नाहीत?’ मी झाडामागे गेलो. तिथे दादा नव्हता. पुढच्या झाडामागेही नव्हता.

ताई, विनोदाने लिहितोय म्हणून तसं समजू नकोस. नुसती वाट चुकला असेल तर काही नाही, बिचारा कुठेतरी सापडेल. पण त्याला परत यायचंच नसेल तर? हा विचार मनात आला आणि जाईना. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही अर्ध्यावर तुटायचं. आणि मी काय केलं माहीत आहे? शेजारच्या झाडावर बोटांच्या पेरांनी टकटक केली.

त्याचं असं आहे. कारखान्यात यंत्राचा गोंगाट आणि दादाचा डावा कान तर केव्हाचाच गेलेला, त्यामुळे आम्ही एकमेकांना हाक मारतच नाही. हाताशी जे लाकूड असेल त्यावर टकटक केली की दुसरा येतो. फळीतून आवाज त्याच्या हातापर्यंत पोचतो. वहिनीसुद्धा चहाला बोलवायची ती चौकटीवर टकटक करून. तर मी टकटक केली, आणि आवाज आलाच नाही. दुसऱ्या झाडावर केली, तेही मुकं. तिसऱ्यावर केली, पेरं सोलली. तेव्हा लक्षात आलं: जिवंत लाकूड वाजत नाही. ओलं असतं, आतून भरलेलं असतं. आमच्या हाताला आयुष्यभर वाजणारं लाकूडच माहीत, कारण ते मेलेलं असतं.

मागून तुझी भावजय आली. ‘अहो, दारं वाजवल्यासारखी झाडं कसली वाजवताय? हाक मारा की!’ बरोबर होतं तिचं. मी तोंड उघडलं. ‘दादा’ हा शब्द मी किती वर्षांत मोठ्याने उच्चारला नाही, देव जाणे. घशात कुठे ठेवला होता तेच सापडेना. जो निघाला तो आवाज कुत्र्याच्या पिल्लाचा होता. मग तीच ओरडली, ‘भाऊऽऽजी!’ तुला तिचा आवाज माहीत आहे. पाखरं उडाली. दादा नाही आला.

पुढे एक वठलेलं झाड दिसलं. साल गळून गेलेली, आतून पोकळ झालेलं, पण उभं. त्यावर मी मूठ मारली, आणि ताई, ते असं घुमलं की मीच दचकलो. मग मी थांबलो नाही. दोन्ही मुठींनी वाजवत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. डोळ्यांत लाकडाचा भुसा गेला त्यामुळे नीट दिसत नव्हतं. खांद्यावर हात पडला म्हणून वळलो तर तो रखवालदार. ‘काय चालवलंय? झाडाला मारताय?’ मी म्हणालो, ‘भाऊ हरवलाय.’ तो म्हणाला, ‘मग झाडाला का मारताय?’ तुझ्या भावजयीने त्याला सगळं समजावलं, पट्ट्यांपासून. ते ऐकून त्याने टोपी काढली, आणि मला वाटलं तोही हळहळला. तो हसू आवरत होता. ‘काका,’ तो म्हणाला, ‘ते पट्टे तोडणीचे नाहीत हो. ती वाट आहे. लोकांनी चुकू नये म्हणून रंगवतो आम्ही. पट्टा बघत चाललं की माणूस हरवतच नाही.’ म्हणजे सबंध जंगलात हरवायचं असेल तर ज्या झाडांमधून जायला हवं, नेमकी तीच मी हुडकून काढली होती. एक झाडसुद्धा चुकलं नाही.

तर दादा. तो जवळच होता, एका उताराखाली. तिथे एक बाई लोकांना श्वास घ्यायला शिकवतात. (लोकांना येत नाही म्हणे.) दहापंधरा बरी परिस्थिती असलेली माणसं पाचोळ्यावर उताणी पडली होती, डोळे मिटून, हात सैल सोडून, आणि त्यांच्या रांगेच्या टोकाला आपला दादा, तसाच, कोट घातलेला, छातीवर एक पान पडलेलं. ते त्याने काढलंही नव्हतं. मी धावणार तेवढ्यात बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, ‘तुमचे कोण हे? फार पोचलेले आहेत. आमच्या लोकांना इतकं शांत पडायला महिनोन्‌महिने लागतात, कोणाचं नाक खाजतं, कोणाला फोन आठवतो. हे आले, पडले, आणि गेलेच! कुठे शिकले?’ काय सांगू त्यांना? कारखान्याच्या खिडकीशी, म्हणून सांगू? खुर्चीत? त्या म्हणाल्या, दर आठवड्याला घेऊन या, बाकीच्यांना बघायला बरं पडेल. मी म्हणालो, विचारून कळवतो. दादाला उठवलं, त्याच्या पाठीचा पाचोळा झाडला. तो मला ‘बरं’ म्हणाला, बाईंनाही ‘बरं’ म्हणाला. बाईंनी तो गुरुमंत्र असल्यासारखा मान झुकवून घेतला.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. मी शेजारी. पेरांना रुमाल गुंडाळलेला. निम्मी वाट झाल्यावर तो बाहेर बघतच म्हणाला, ‘ऐकलं मी.’ मी म्हणालो, ‘काय?’ तो म्हणाला, ‘टकटक. जमिनीतून आली. उठावंसं वाटलं नाही.’ वहिनी गेल्यावर त्याने उच्चारलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य. मी पेरांवरचा रुमाल सोडला आणि परत गुंडाळला.

तेव्हा ताई, तू ठरवून दिलेली परीक्षा अशी झाली. झाडांत नेलं, फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत खुर्चीत. ठरल्याप्रमाणे आता तू ये आणि त्याला घेऊन जा. तुझ्याकडे अंगण आहे, दाजींची सोबत आहे (दोघांना मिळून एक खोकला पुरेल), माणसांची ये-जा आहे. इथे काय आहे? मी, यंत्र आणि वहिनीच्या हाताच्या खुणा असलेली चौकट. तो जाताना मी कुरकुरणार नाही. घरात एक माणूस गेल्यावर दुसरं गेलं तर काही बिघडत नाही, जागा आधीच मोकळी झालेली असते.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्यात येऊ नकोस. दादाच्या खुर्चीचा मागचा पाय डुगडुगतो. त्याला दुसऱ्या खुर्चीत झोप लागत नाही, तेव्हा तीही पाठवावी लागेल आणि ती मी घाईत दुरुस्त करणार नाही. घाईत केलेलं काम तुझ्या घरी नको.

ता. क. त्यापुढच्या आठवड्यातही नको. सरस वाळायला वेळ लागतो. हवा दमट आहे.

ता. क. खरं म्हणजे पाय डुगडुगत नाही. मी आत्ता बघून आलो, चांगला घट्ट आहे. दादा त्याच खुर्चीत बसला होता, त्याला उठवून बघितलं, तो ‘बरं’ म्हणून उठला आणि परत बसला. तू त्याला नेलंस तर कारखान्यात मी टकटक कोणाला करू, तेवढं एक मला सांग. मग खुशाल ये. डॉक्टरांनी दादाला रोज कोपऱ्यापर्यंत तरी चालवा म्हणून सांगितलंय, म्हणून हे पत्र पेटीत टाकायला त्याच्याच हाती देतो.

ताई,

हे मी लिहितोय, दादा. पाकीट याने चिकटवलं नव्हतं. वाचलं.

ते पट्टे कापायच्या झाडांचे नव्हते हे मला पहिल्याच झाडाला कळलं. रंग जुना होता, सालीबरोबर फाकलेला. कापायचं झाड इतकी वर्षं कोणी ठेवत नाही. याला सांगितलं नाही. झाडांवर दया करत चालला होता, म्हटलं चालू दे.

डोळ्यांत भुसा गेला असं लिहितो. जंगलात भुसा कुठून येणार?

मी पडलो होतो आणि जमिनीतून ते घुमत होतं. मला वाटलं, कोणीतरी गेलंय कोणाचं तरी. मग कळलं, हा आहे. याची वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत जात होता, डबा तीच भरायची. ती त्याचीही गेली. हे माझ्या ध्यानात यायला मला पाचोळ्यात आडवं पडावं लागलं. घरी आल्यापासून बघतोय, दिवसभर मला जेवलास का विचारतो आणि स्वतःचं ताट झाकून ठेवतो.

मला नेऊ नकोस. याला ने, थोडे दिवस. याची बायको बरोबर येईल. कारखाना मी उघडतो. अर्धं राहिलेलं कपाट आहे, त्याची दारं लावायची आहेत.

तो आधी नको म्हणेल. तू ऐकू नकोस. लहानपणापासून तोंडाने नको म्हणतो आणि हाताने पिशवी भरतो.